आत्याचा नवा कॅमेरा, उसनी सेटिंग फाइल आणि नेरूळचे फ्लेमिंगो

आत्या ठाण्याला बाळकुममध्ये राहते, बँकेतून रिटायर झालीये, आणि गेली कितीतरी वर्षं एका छोट्या सुपरझूम कॅमेऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायची. त्यावर तिने तांबट, वेडा राघू, भारद्वाज असे सोसायटीतले आणि येऊरचे बरेच पक्षी टिपलेत, त्यामुळे पक्ष्यांच्या बाबतीत ती नवखी अजिबात नाही. २०२४ च्या दिवाळीत तिने मनावर घेतलं आणि निकॉनचा झेड ८ कॅमेरा आणि १८०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली. दोन्ही मिळून तीन किलोच्या आसपास वजन. घरच्यांनी आधी वजनाचीच काळजी केली, पण अडचण वजनाची आलीच नाही, आली ती ऑटोफोकसची.

जानेवारीत तिचा मला फोन आला, "अगं, माझा जुना कॅमेराच बरा होता. एवढे पैसे घातले आणि फोटो सगळे धूसर. माझे हातच आता राहिले नाहीत बहुतेक." हे शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण तिचे हात कसे आहेत ते मला माहीत आहे. मी ऐरोलीला राहते, रविवारी ट्रान्स हार्बरने ठाण्याला गेले आणि पोह्यांच्या डिश बाजूला सारून आम्ही डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. पुढे दोन-अडीच महिने जे काय केलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतलेल्या बऱ्याच जणांचं नेमकं इथेच अडतंय असं मला दिसतं.

सगळ्यात आधी तिच्याकडे काय काय जमा झालं होतं ते सांगते. कॅमेऱ्याचं अधिकृत मॅन्युअल, शेकडो पानांचं, पीडीएफ. २०२३ मध्ये लिहिलेलं एक ई-बुक, कॅमेरा आला त्याच वर्षीचं. दुसरं एक ई-बुक, त्याची नवीन आवृत्ती. व्हिडिओंची एक लांबलचक यादी, त्यातले निम्मे एकमेकांच्या उलट सांगणारे. आणि पक्षीप्रेमींच्या एका ग्रुपमधून कोणीतरी चांगल्या मनाने पाठवलेली सेटिंगची फाइल. झेड ८ मध्ये सगळ्या मेनूचं सेटिंग कार्डवर फाइल म्हणून सेव्ह करता येतं आणि तीच फाइल दुसऱ्या झेड ८ मध्ये लोड करता येते. आत्याने ती लोड केली, आणि एका मिनिटात तिच्या कॅमेऱ्यात दुसऱ्याच माणसाच्या सवयी येऊन बसल्या. काय काय बदललं हे तिला कळायला काही मार्गच नव्हता, कारण लोड करण्याआधी स्वतःचं सेटिंग तिने वेगळं सेव्ह केलेलं नव्हतं.

मला पहिल्यांदा वाटलं की फाइल उडवायची, कॅमेरा रिसेट करायचा आणि नव्याने सुरू करायचं. पण मग नेमकं काय चुकत होतं ते कधीच कळलं नसतं, आणि आत्याच्या मनातला तो हातांचा संशय तसाच राहिला असता. म्हणून आम्ही आधी खराब फोटोच नीट बघायला घेतले.

निकॉनचं एनएक्स स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात फोटोवर फोकस पॉइंट कुठे होता ती चौकट दाखवता येते. ही सोय किती मोलाची आहे ते मला त्या दिवशी समजलं. नेरूळच्या टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर तिने एका सकाळी काढलेले साडेसहाशेच्या आसपास फोटो होते. एकेक उघडायचा, चौकट कुठे आहे बघायची, आणि तीन फोल्डरपैकी एकात टाकायचा. चौकट पक्ष्यावर आहे पण पक्षी मऊ, म्हणजे किंचित धूसर, हा एक फोल्डर. चौकट दुसऱ्याच कशावर तरी, म्हणजे मागच्या तिवरांवर, बांधावरून चालणाऱ्या माणसांवर, नको त्या फ्लेमिंगोवर, हा दुसरा. आणि तिसऱ्यात असे फोटो की चौकट पक्ष्याजवळ आहे पण फोकस भलतीकडेच, अगदी जवळच्या गवतावर किंवा कुठेच नाही. दोन-तीन तास लागले, दुपारचं जेवण उशिरा झालं, पण तीन वेगळे आजार आहेत हे स्वच्छ दिसलं, आणि त्या तिन्हीतल्या एकाचाही आत्याच्या हाताशी संबंध नव्हता.

तिसऱ्या फोल्डरचं कारण सगळ्यात आधी सापडलं आणि तेच सगळ्यात मोठं निघालं. त्या फाइलच्या मालकाने फोकस फक्त मागच्या एएफ-ऑन बटणावर ठेवला होता. बरेच अनुभवी लोक असं करतात, अंगठ्याने फोकस आणि तर्जनीने शटर, पद्धत चांगलीच आहे. पण आत्या इतकी वर्षं शटर अर्धं दाबून फोकस करतेय! ती अर्धं दाबायची, कॅमेरा फोकस करायचाच नाही, आणि पूर्ण दाबलं की मुकाट्याने फोटो काढायचा. मध्येच कधी अंगठा चुकून त्या बटणावर पडला की फोकस लागायचा, त्यामुळे तिला वाटायचं कधी लागतो कधी नाही, म्हणजे आपलाच हात हलतोय. हे कळलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर दाबत होते?" हो आत्या, तू बरोबरच दाबत होतीस.

ही पद्धत तिला आता शिकवावी का यावर आम्ही बराच वेळ बोललो. बहुतेक सगळी गाइडं म्हणतात की पक्ष्यांसाठी बॅक बटणच हवं. मला ते तिच्यासाठी पटलं नाही. एक तर तिचा उजवा अंगठा थंडीत दुखतो, आणि तीन किलो पेलून तो सतत दाबून ठेवायचा म्हणजे शिक्षाच. दुसरं म्हणजे हाताला बसलेली सवय ही पण एक कमाई असते, पक्षी उडाला की विचार करायला वेळ नसतो, हात जे करेल तेच होतं. म्हणून शटरवर फोकस परत आणला आणि मागचं बटण दुसऱ्या कामाला लावलं, ते पुढे सांगते.

दुसरा फोल्डर म्हणजे चौकट भलतीकडे. इथे दोन-तीन गोष्टी एकात एक अडकलेल्या होत्या. फाइलमध्ये सब्जेक्ट डिटेक्शन ऑटोवर होतं, म्हणजे माणूस, प्राणी, गाडी, विमान, काहीही दिसलं की कॅमेरा त्याला विषय समजणार. चाणक्यच्या बांधावर सकाळी फिरायला येणारी माणसं कायम असतात, कॅमेऱ्याने प्रामाणिकपणे त्यांना पकडलं. शिवाय एरिया होता ऑटो-एरिया, म्हणजे पूर्ण फ्रेम कॅमेऱ्याच्या मर्जीवर, आणि समोर शेकडो फ्लेमिंगो. त्याला कसं कळणार आत्याला कुठला हवाय ते.

आता यात गाइडचा घोळ बघा. २०२३ च्या ई-बुकमध्ये लिहिलं होतं की पक्ष्यांसाठी ॲनिमल निवडा. आत्याने मेनू उघडला तर तिथे ॲनिमल पण आहे आणि बर्ड्स पण आहे, मग तिला वाटलं पुस्तकवाला एवढा जाणकार, त्याने ॲनिमल म्हटलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. कारण एवढंच होतं की ते पुस्तक लिहिलं तेव्हा झेड ८ मध्ये बर्ड्स हा पर्यायच नव्हता! तो फेब्रुवारी २०२४ च्या २.०० या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, आला. लेखकाने काही चुकीचं लिहिलं नव्हतं, पुस्तक कॅमेऱ्याच्या मागे पडलं होतं. तेव्हापासून मी कोणालाही सांगते की गाइड घेताना आधी ते कुठल्या फर्मवेअरपर्यंतचं आहे ते बघा, मग सेटअप मेनूत जाऊन आपल्या कॅमेऱ्यात कुठलं आहे ते बघा. कागदी पुस्तकांची सवय असलेल्या माणसाला हे चटकन सुचत नाही, कारण आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवात विकत घेतलेली वस्तू सहा महिन्यांनी आतून बदलत नसते.

आणि तिसरी गोष्ट, ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्स. हे एक ते पाच असं असतं. तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये काही आलं किंवा अंतर एकदम बदललं तर कॅमेऱ्याने किती वेळ थांबून मग नवीन गोष्टीकडे जायचं ते यात ठरतं, एक म्हणजे लगेच आणि पाच म्हणजे बराच थांबून. फाइलमध्ये पाच होतं. ज्याची फाइल होती तो बहुतेक मोकळ्या आकाशातले शिकारी पक्षी काढत असावा, तिथे पाच उत्तम, पक्षी झाडामागून जाऊन परत बाहेर आला तरी फोकस सुटत नाही. पण आत्याच्या बाबतीत कॅमेरा सुरुवातीलाच तिवरांवर बसायचा आणि मग पाच असल्यामुळे तिथून हलायलाच तयार नाही. म्हणजे चुकीच्या गोष्टीला घट्ट धरून ठेवायचं सेटिंग झालं ते. आम्ही ते कंपनीच्या मूळ तीनवर आणलं आणि ठरवलं की एखादा ठराविक पक्षी ठराविक कारणाने सुटतोय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

पहिला फोल्डर राहिला. चौकट बरोबर पक्ष्यावर, पण पक्षी मऊ. यातले काही फोटो १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडला काढलेले होते, कारण जुन्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० च्या वर गेला की फोटो खराब व्हायचा, ती भीती तिच्या मनात पक्की बसलेली, म्हणून ती शटर स्पीड कमी करायची. उडत्या पक्ष्याला १/२५० म्हणजे काहीच नाही. पण बाकीचे फोटो १/२००० चे असूनही मऊ होते आणि ते सगळे साडेनऊनंतरचे. तेव्हा लक्षात आलं की ही हवा आहे. ऊन चढलं की चिखलाच्या पट्ट्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि शंभर मीटरच्या पलीकडचा पक्षी त्या थरथरणाऱ्या हवेतून बघताना कुठलाही ऑटोफोकस आणि कितीही महाग लेन्स काही करू शकत नाही. याची परीक्षा सोपी आहे, लांबच्या एखाद्या खांबाचे किंवा पाटीचे सलग दहा फोटो काढायचे, स्थिर वस्तूच प्रत्येक फोटोत वेगळी वाकडी किंवा कमीजास्त मऊ दिसली तर हवा खराब आहे, कॅमेरा बंद करून चहा प्यायचा. आश्चर्य म्हणजे आत्याकडे जमा झालेल्या गाइडांपैकी एकातही हे ठळकपणे लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही.

मग गाइड कुठलं ठेवायचं ते ठरवलं. आम्ही प्रत्येकातलं एकच पान वाचलं, ब्लॉक्ड शॉटचं. जिथे फक्त 'इतक्यावर ठेवा' लिहिलं होतं ते बाजूला. जिथे 'हा आकडा वाढवला की कॅमेरा असं वागतो, म्हणून अशा पक्ष्याला हा द्या' असं होतं ते ठेवलं. त्या चाळणीतून दुसरं ई-बुक एकटंच पार पडलं, ते नवीन फर्मवेअरपर्यंतचं पण होतं. अधिकृत मॅन्युअल ठेवलं, पण वाचायला नाही तर शब्दकोशासारखं, मेनूतला शब्द अडला की तिथे शोधायचा. व्हिडिओ तात्पुरते बंद केले. व्हिडिओ वाईट असतात असं मला म्हणायचं नाही, मी स्वतः त्यातून पुष्कळ शिकलेय, पण आपल्याला नेमकं काय विचारायचंय हे माहीत नसताना वीस व्हिडिओ बघितले की वीस माणसांची सेटिंगं डोक्यात बसतात. आणि सेटिंगची फाइल काढून टाकली, सेटअप मेनूतून सगळं रिसेट केलं.

रिसेटनंतर जे बसवलं ते असं. मोड मॅन्युअल, आयएसओ ऑटो, उभ्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२५००, आयएसओ किती होतोय ते बघायचंच नाही हा माझा हट्ट. फोकस एएफ-सी, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत सतत फोकस करत राहणारा. डिटेक्शन बर्ड्स. शटर अर्धं दाबलं की वाइड-एरिया स्मॉल, म्हणजे छोटी चौकट, ती आत्या स्वतः हव्या त्या फ्लेमिंगोवर ठेवणार आणि त्या चौकटीत कॅमेरा डोळा शोधणार. मागचं एएफ-ऑन दाबलं तर थ्रीडी ट्रॅकिंग, म्हणजे पक्षी हलेल तशी चौकट त्याच्या मागे जाते, एकटा पक्षी मोकळ्या आकाशात असेल तेव्हा, घार किंवा दलदली भोवत्या वगैरे. हे दाबून धरायची वेळ क्वचितच येते त्यामुळे अंगठ्याला त्रास नाही. आणि पुढच्या एफएन १ बटणावर सिंगल पॉइंट, फांद्यांच्या जाळीत बसलेल्या पक्ष्यासाठी. सिंगल पॉइंटमध्ये डिटेक्शन चालत नाही, आणि तेच तिथे हवं असतं, पानांना डोळा समजून कॅमेरा भटकत नाही, टिंब जिथे ठेवलं तिथेच फोकस.

एवढंच. हे मी एका कागदावर मराठीत लिहून दिलं, आत्याने ते स्वतःच्या अक्षरात परत वहीत उतरवलं, कारण दुसऱ्याच्या अक्षरातलं तिच्या लक्षात राहत नाही म्हणे.

मग सराव. इथे आत्याचं ज्ञान माझ्या कामी आलं. चाणक्यला फ्लेमिंगो भरतीला येतात, ठाण्याच्या खाडीतले चिखलाचे पट्टे पाण्याखाली गेले की थवे उडून आतल्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, ओहोटी लागली की परत खाडीत. या खाडीचा बराच भाग म्हणजे २०१५ चं फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), पण आत्याला ती भरतीच्या हिशोबाने पाठ आहे. कोकणातली जुनी रीत, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, चतुर्थीला तीन. खाडीत आत पाणी यायला अजून थोडा वेळ लागतो. आम्हाला हवा थरथरायच्या आत पक्षी जवळ हवे होते, म्हणून एकादशी-द्वादशीच्या सकाळी निवडल्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं पण भरती पार दुपारच्या तोंडावर, डोक्यावर ऊन आणि हवा खराब. कॅलेंडर बघून तारखा ठरवल्या, आत्या ठाण्याहून पनवेल लोकलने यायची, मी ऐरोलीला त्याच डब्यात चढायचे, सीवूड्सला उतरून पुढे रिक्षा.

पहिल्या सकाळी तिने फक्त उभे फ्लेमिंगो काढले. छोटा रोहित खाताना चोच उलटी पाण्यात घालतो, डोळा पाण्याच्या आत किंवा अगदी टोकाला, तेव्हा कॅमेरा डोळा सोडून पाठीवर चौकट ठेवतो. आधी ती यालाच बिघाड समजत होती. आता ती थांबते, मान वर आली की चौकट आपोआप डोळ्यावर जाते, मग शटर. हे सेटिंगने सुटणारं नव्हतंच, पक्ष्याच्या चालीने सुटलं.

दुसऱ्या वेळी उडणारे. थवा उठतो तेव्हा पूर्ण ६०० वर पक्षी शोधायला गेलं की हातात आकाशच येतं, म्हणून ३०० च्या आसपास ठेवून आधी पकडायचं, फोकस लागला की मग झूम. लेन्सचा झूम थोड्याशा वळणात पूर्ण जातो म्हणून हे जमतं. फ्लेमिंगो सरळ रेषेत, एका चालीत उडतात, तर ब्लॉक्ड शॉटच्याच पानावरचं सब्जेक्ट मोशन, म्हणजे विषयाची चाल कशी आहे ते सांगणारं सेटिंग, स्टेडीवर केलं. त्या दिवशी एक गृहस्थ थवा उठावा म्हणून टाळ्या वाजवत होते. आत्या जाऊन त्यांना शांतपणे म्हणाली, "अहो दादा, पाणी उतरायला लागलंय, अर्ध्या तासात ते आपणहून उडतील, थांबा जरा." आणि उडालेच. इतक्या लांबून आलेला पक्षी भरतीच्या वेळात विश्रांतीला उभा असतो, फोटोसाठी त्याला उठवणं मला अजिबात सहन होत नाही, आणि गंमत म्हणजे फोटोही वाईट येतात, घाबरलेला थवा पाठ करून जातो.

मध्ये एक धक्का बसला. फेब्रुवारी अखेरीला येऊरला पांगारा फुललेला, जांभळा शिंजीर चार-पाच मीटरवर येऊन बसला आणि लेन्स फोकसच करेना. एफएन १ दाबून पाहिलं, चौकट बदलून पाहिली, काही नाही. आत्याचा चेहरा परत उतरला. मला आधी वाटलं बटणाचं सेटिंग बिघडलं, मेनूत शोधत बसले, आणि कारण निघालं लेन्सवरच्या, किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणाऱ्या स्विचमध्ये. खाडीवर फोकस लवकर लागावा म्हणून आम्ही तो सहा मीटर ते अनंत वर ठेवला होता आणि तसाच राहिला. 'फुल' म्हणजे पूर्ण अंतरावर केला, लगेच लागला. तेवढ्या जवळून ६०० ला फोकसची खोली जेमतेम दोन सेंटीमीटर असते, चोच स्वच्छ आली तर शेपूट मऊ, हे चालायचंच. तेव्हापासून वहीत पहिली ओळ आहे 'जंगल, स्विच फुल'.

मार्चमध्ये परत त्याच पद्धतीने एका सकाळचे फोटो तीन फोल्डरमध्ये टाकले. तिसरा फोल्डर रिकामा. दुसऱ्यात थोडेसे, बहुतेक एकमेकांना ओलांडणाऱ्या थव्यातले, तिथे कॅमेरा अजूनही शेजारच्या पक्ष्यावर उडी मारतो आणि त्यासाठी आता आम्ही चौकटीचा आकार बदलून बघतोय, वाइड-एरियाचा सी १, म्हणजे मापं आपण ठरवायची ती चौकट, आडवा अरुंद करून. पहिल्यात हवेचे, आणि ते तिने स्वतःच साडेनऊला थांबवले.

नदी सुरय अजून जमलेला नाही. तो घिरट्या घालता घालता एकदम खाली सूर मारतो, तिथे मोशन इरॅटिक (अचानक बदलणारी चाल) करून आणि ब्लॉक्ड शॉट दोनवर आणून बघायचं असं ठरलंय, पण एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तळ्यावर सूर मारणाऱ्या खंड्यासाठी प्री-रिलीज कॅप्चर पण बघायचंय, शटर दाबायच्या आधीचे फ्रेम कॅमेरा ठेवतो त्यात, फक्त जेपीईजी मिळतात एवढी अट. आत्याने काल फोन करून सांगितलं की येत्या चतुर्थीला दुपारी तीनची भरती आहे, उन्हं कलतील तेव्हा पाणी उतरत असेल, ती चार्जर लावून बसलीये आणि मी सुट्टी टाकावी.